जपानचं गाईडबुक: दूध कुठलं, लोणचं कुठलं

गाईडबुक निवडताना लोक मुखपृष्ठावरचा फुजी बघतात, मग जाडी, मग किंमत. बघायचं पान शीर्षकपानाच्या पाठीमागे, बारीक टायपात असतं: आवृत्ती कितवी, कुठल्या महिन्यात निघाली, की हे नुसतं पुनर्मुद्रण आहे. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला, आतला एक आकडाही बदललेला नसतो. नव्या आवृत्तीतसुद्धा लेखक फिरून आल्यावर संपादन, नकाशे आणि छपाई यांत बरेच महिने जातात. म्हणून पुस्तक २०२४ चं असेल तर आतले भाव २०२३ चे आहेत असं धरून चालावं. ऑनलाइन दुकानात दिसणाऱ्या तारखेवर तर अजिबात विसंबू नये. ती कधी पुनर्मुद्रणाची असते, कधी फक्त ई-बुक चढवल्याची.

पुस्तकातली काही माहिती दुधासारखी असते, काही लोणच्यासारखी. भाव, वेळा, पास, बसचे नंबर, हॉटेलं हे दूध. कुठलं देऊळ शहराच्या कुठल्या टोकाला आहे, डोंगर कुठल्या बाजूने चढावा, कुठल्या महिन्यात कुठे काय फुलतं, देवळात शिरताना काय करतात हे लोणचं. दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकातलं लोणचं आजही चांगलं लागतं. लोक मात्र जुन्या पुस्तकातलं दूध पितात आणि नव्या पुस्तकातलं लोणचं चाखायचं विसरतात.

जपानच्या बाबतीत दूध फारच लवकर नासलं आहे. म्हणून पुस्तक हातात घेतल्यावर तीन गोष्टी शोधाव्यात, दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांचं काम आहे. पहिली, जेआर पासची, म्हणजे जपान रेल्वेच्या गाड्यांत ठरावीक दिवस हवं तितकं फिरू देणाऱ्या पर्यटक-पासची किंमत. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला मिळायचा, १ ऑक्टोबर २०२३ ला तो एकदम ५०,००० येन झाला. तोक्यो ते क्योतो शिन्कान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) एका बाजूचं भाडं साधारण १४,००० येन. म्हणजे पूर्वी नुसत्या जाण्यायेण्यात पासचे पैसे जवळजवळ वसूल व्हायचे, आता निम्म्याच्या थोडेच वर होतात. ज्या पुस्तकात ‘विमानात बसण्याआधी पास घ्याच’ असा उपदेश आहे, ते या तारखेच्या आधीचं. दुसरी गोष्ट, क्योतो ते कानाझावा कसं जायचं. पूर्वी थंडरबर्ड नावाची एक्सप्रेस थेट जायची. १६ मार्च २०२४ ला होकुरिकु शिन्कान्सेन त्सुरुगापर्यंत आली, तेव्हापासून थंडरबर्ड त्सुरुगालाच संपते आणि पुढे गाडी बदलावी लागते. तिसरी, क्योतोचा एक दिवसाचा बसपास. जुन्या पुस्तकांचा हा लाडका सल्ला होता. त्या पासची विक्री सप्टेंबर २०२३ अखेर थांबली आणि मार्च २०२४ नंतर तो चालेनासा झाला. बस आणि भुयारी रेल्वे मिळून चालणारा १,१०० येनचा पास आहे, पण तो वेगळा.

तिन्ही उत्तरं जुनी निघाली तरी पुस्तक लगेच ठेवून देऊ नये. मुंबईत फाउंटनच्या पदपथावर जुनं पुस्तक चौथाई किमतीत मिळत असेल तर लोणच्यासाठी ते घ्यायला हरकत नाही. फक्त तोक्योचा मासळीबाजार अजून त्सुकिजीतच भरतो असं लिहिलेलं असेल, तर ते ऑक्टोबर २०१८ च्या आधीचं आहे हे ध्यानात घ्यावं. घाऊक बाजार तेव्हा तोयोसुला गेला. त्सुकिजीत बाहेरची खाऊगल्ली उरली आहे आणि ती जोरात चालते.

पुस्तकाची खोली मोजायची माझी आवडती कसोटी म्हणजे ओकायामा हे शहर. तोक्यो-क्योतोबद्दल सगळीच पुस्तकं भरभरून लिहितात, त्यावरून काही कळत नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. कोराकुएन जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. पुस्तकात ओकायामा काढावं. स्टेशनसमोरून ट्राम घेऊन शिरोशिता थांब्यावर उतरायचं आणि तिथून दहाएक मिनिटं चालायचं, हे दिलंय का? बागेला लागूनच, नदीपलीकडे काळा किल्ला आहे आणि दोन्ही एकाच फेरीत होतात, हे सांगितलंय का? ओकायामाहून उनो बंदर, तिथून बोटीने वीस मिनिटांत नाओशिमा बेट, आणि तिथल्या चिचु संग्रहालयासाठी वेळेचं आरक्षण आधी करावं लागतं, इथपर्यंत पोचलंय का? ‘ओकायामा: सुंदर बाग, जवळच किल्ला’ असं दोन ओळींत उरकलं असेल, तर बाकीच्या लहान गावांचंही तसंच असणार.

पुढची कसोटी स्टेशनच्या दारांची. तोक्योच्या शिंजुकु स्टेशनला बाहेर पडायची दोनशेहून जास्त दारं आहेत. ‘शिंजुकु स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे वाक्य म्हणून निरुपयोगी. चुकीच्या दाराने बाहेर पडलं तर नुसता स्टेशनला वळसा घालायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात. चांगलं पुस्तक दाराचं नाव किंवा नंबर देतं, नकाशावर ते दार दाखवतं आणि जागेचं नाव जपानी लिपीतही छापतं. शेवटची गोष्ट मी अट म्हणूनच ठेवीन. खेड्यातल्या बसच्या पाटीवर, छोट्या खानावळीच्या पडद्यावर रोमन अक्षर सापडेलच असं नाही. छापील जपानी नाव समोर असलं की चित्र जुळवावं तसं जुळवता येतं, टॅक्सीवाल्यापुढे बोट ठेवता येतं, आणि फोनच्या कॅमेऱ्याने ते उचलून नकाशात शोधता येतं. रोमन स्पेलिंगवरून शोधलं की त्याच नावाची भलतीच जागा निघू शकते.

पत्त्यांचाही एक घोळ आहे. जपानात बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. ३-१४-५ असा पत्ता म्हणजे त्या वस्तीतला तिसरा विभाग, त्यातला चौदावा ठोकळा, त्यातली पाच नंबरची इमारत. ‘मारुतीशेजारच्या बोळात’ अशा खुणांवर घर शोधत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. क्योतोत उलट. तिथे रस्त्यांना नावं आहेत आणि पत्ता चौकावरून सांगतात: अमुक रस्ता, तमुक रस्ता, ‘आगारु’. आगारु म्हणजे चौकापासून उत्तरेकडे, सागारु म्हणजे दक्षिणेकडे. ही दोन क्रियापदं समजावून सांगणारं पुस्तक क्योतोसाठी बेलाशक घ्यावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पुस्तक कोणासाठी लिहिलंय? इंग्रजी गाईडबुकांचा वाचक ब्रिटिश, अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन असतो. तो व्हिसाशिवाय ९० दिवस राहू शकतो, आणि पुस्तक त्याला तसं सांगतं. भारतीय पासपोर्टला व्हिसा आधीच काढावा लागतो, त्यामुळे व्हिसाचं पान सरळ उलटावं. विजेचं पान मात्र कामाचं आहे. जपानात १०० व्होल्ट आणि दोन चपट्या पट्ट्यांची पिन. आपले फोन आणि लॅपटॉपचे चार्जर बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतात, म्हणजे फक्त अडॅप्टर पुरतो. प्रवासी किटली किंवा केस वाळवायचं यंत्र २३० व्होल्टवालं असेल तर तिथे नीट तापणार नाही. उपमा-पोह्यांची पाकिटं नेणाऱ्यांनी किटलीवरचा आकडा घरीच वाचावा.

औषधांच्या पानावर परदेशी ब्रँडची नावं असतात, आणि आपला वाचक ‘हे आपल्याकडे नाही’ म्हणून पुढे जातो. इथे घोळ होतो. बंदी ब्रँडवर नसून घटकावर असते. स्यूडोइफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेली औषधं जपानात नेता येत नाहीत, आणि आपल्याकडच्या सर्दीच्या काही गोळ्यांत ते असतं. पाकिटामागचा घटक वाचावा. डॉक्टरने लिहून दिलेली नेहमीची औषधं महिनाभराची नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर जपान सरकारकडून आधी परवानगीचा कागद घ्यावा लागतो. आई-वडिलांना घेऊन तीन आठवड्यांवर जाणाऱ्यांनी गोळ्या मोजूनच भराव्यात.

शाकाहाराचं पान सगळ्यात फसवं. पुस्तकात हिरव्या पानाचं चिन्ह असलं की आपण निर्धास्त होतो. पण ते चिन्ह देणाऱ्याच्या लेखी माशाचा अर्क बहुधा ‘चालतो’. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशि’ आणि नेहमीची दाशि वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या कात्रणाची. मिसो सूप, उदोन आणि सोबा या शेवयांचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, तेंपुराबरोबरची चटणी, सगळ्यांत ती असते. गार तोफूवर वरून माशाचे कपटे भुरभुरतात. जपानी करीच्या तयार मसाल्यात बहुधा चरबी किंवा मांसाचा अर्क असतो, ‘व्हेजिटेबल करी’ लिहिलं असलं तरी. म्हणून पुस्तकातल्या चिन्हाच्या जागी शब्द शोधावेत: ‘व्हीगन’ म्हटलंय का, की ‘शोजिन र्‍योरि’ म्हटलंय. शोजिन र्‍योरि म्हणजे बौद्ध मठांतलं जेवण. त्यात मांस-मासे नसतातच, पण परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य. जैन वाचकांना इतकी जवळची गोष्ट जपानात दुसरी सापडणार नाही. कोयासान या मठांच्या डोंगरावर मठांत राहून ते जेवता येतं: ओसाकातल्या नाम्बाहून नान्काई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून पाच मिनिटांची केबल कार, वर बस. पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीत ही दोन वाक्यं नसतील तर पेन्सिलीने लिहून घ्यावीत: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, म्हणजे मांसही नाही, मासेही नाही. आणि ‘कात्सुओ दाशि मो दामे देसु’, म्हणजे माशाची दाशिही नको.

महिना निवडायचं पानसुद्धा दुसऱ्याच्या सुट्ट्या धरून लिहिलेलं असतं. आपली मे महिन्याची सुट्टी धरून एप्रिलच्या शेवटी निघालं की थेट ‘गोल्डन वीक’मध्ये सापडतो. २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात जपान स्वतःच सहलीला निघतं, हॉटेलं महाग आणि गाड्या तुडुंब. ६ मेनंतर जावं. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत होन्शु या मुख्य बेटावर पावसाळा, तो आपल्याला नवा नाही पण डोंगर दिसत नाहीत. दिवाळीची सुट्टी मात्र सुरेख बसते. ऑक्टोबरअखेर निक्कोला पानं रंगलेली असतात, क्योतोला नोव्हेंबरच्या मध्यानंतर. तातेयामाचा डोंगरी मार्ग एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतच उघडा असतो. हे सगळं लोणचं आहे, जुन्या पुस्तकातूनही घ्या.

वाचायचं कसं? पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नये. फक्त ऋतू, अंतरं आणि प्रदेशांची प्रकरणं वाचावीत आणि तीन-चार मुक्काम ठरवावेत. दुसऱ्या वाचनात एकेका शहराचा नकाशा उघडून, आवडलेल्या जागांना मजकुरात नव्हे तर नकाशावर गोल करावेत. यात बहुतेकांची गाडी घसरते. प्रत्येक पानावरची ‘अवश्य पाहा’ ठिकाणं उचलून यादी केली की क्योतोत पश्चिमेचं आराशियामा, दक्षिणेचं फुशिमि इनारि आणि ईशान्येचं गिन्काकुजि एकाच दिवशी येतात, आणि दिवस बसमध्ये जातो. गोल जिथे दाट पडले तो भाग, अर्धा दिवस. लांबच्या एकट्या गोलाला रजा द्यावी.

पुस्तकातले वेळेचे अंदाज पाठीला छोटी बॅग लावून एकट्याने फिरणाऱ्या माणसाचे असतात. आजी-आजोबा आणि लहान मूल बरोबर असेल तर दीडपट धरावेत, पायऱ्या असतील तर दुप्पट. फुशिमि इनारिचा पूर्ण डोंगर चढून उतरायला एरवीच दोन-तीन तास लागतात. पुस्तक हे सांगतं, पण तिथल्या लाल तोरणांच्या फोटोखाली सांगत नाही. चालायच्या वाटांबद्दल दिशा बघावी. मागोमे ते त्सुमागो ही सुमारे आठ किलोमीटरची जुनी वाट मागोमेकडून सुरू केली तर चढ कमी पडतो, कारण मागोमे उंचावर आहे. ज्या पुस्तकात दिशा दिलीय त्याचा लेखक ती वाट चालला आहे, एवढं नक्की.

भावांची चिन्हं समजावणारं पान पुढे कुठेतरी असतं आणि ते कोणी वाचत नाही. र्‍योकानचा, म्हणजे जपानी पद्धतीच्या पारंपरिक सराईचा दर खोलीचा नसतो, माणशी असतो, त्यात बहुधा रात्रीचं जेवण आणि न्याहारी धरलेली असते. साध्या हॉटेलचाही दर कधी माणशी सांगतात. चौघांच्या कुटुंबाने खोलीचा दर समजून बजेट केलं की चौपट फरक पडतो. इझाकायात, म्हणजे जपानी पबात, न मागता येणारी छोटी वाटी फुकट नसते, तिचे तीन-चारशे येन माणशी बिलात लागतात. मजल्यांचंही असंच: जपानात १ एफ म्हणजे तळमजला. ब्रिटिश वळणाच्या पुस्तकात ‘पहिला मजला’ म्हणजे आपल्यासारखाच तळमजल्यावरचा. पुस्तक कुठली पद्धत वापरतं ते एकदा बघून ठेवावं. ‘रात्री २५:०० पर्यंत उघडे’ ही छापण्यातली चूक नाही, पहाटे एक वाजेपर्यंत असा तिचा अर्थ.

निघण्याआधी तीन आठवडे दूध तपासायला बसावं. प्रत्येक ठरवलेल्या जागेच्या अधिकृत संकेतस्थळावर जावं, आणि शक्यतो जपानी पान भाषांतर करून वाचावं. इंग्रजी पान पुष्कळदा मागे राहिलेलं असतं. चार गोष्टी बघायच्या: सुट्टीचा वार, शेवटचा प्रवेश, आरक्षण, दुरुस्ती. संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात, आणि सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी राहून मंगळवारी बंद. शेवटचा प्रवेश सहसा बंद व्हायच्या अर्धा तास आधी. तोक्योतल्या घिब्लि या कार्टूनपटांच्या संग्रहालयाची तिकिटं दर महिन्याच्या १० तारखेला, पुढच्या महिन्यासाठी, जपानी वेळेने सकाळी दहाला सुटतात. म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहा. दारावर तिकीट मिळत नाही.

मोठ्या बॅगांचा नियमही मे २०२० नंतरच्याच पुस्तकात सापडेल. तोक्यो-क्योतो-ओसाका शिन्कान्सेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर सामानाच्या जागेसह सीट आरक्षित करावी लागते. वेगळे पैसे पडत नाहीत, पण न करता चढलं तर १,००० येन. आपल्या कुटुंबांच्या बॅगा पाहता घरीच टेप लावून मोजलेलं बरं. किंवा ‘ताक्क्युबिन’ या सामान पोचवणाऱ्या कुरियरने बॅग पुढच्या हॉटेलवर पाठवून द्यावी, सहसा दुसऱ्या दिवशी पोचते.

आठशे पानांचं पुस्तक पाठीवर वाहू नये, कापावं. काहींना हे पातक वाटतं. पानं नुसती डिंकाने चिकटवलेली असतील तर प्रकरणाच्या हद्दीवर पुस्तक उलटं दाबून उघडावं आणि कटर कण्यातून सरळ ओढावा, डिंकाचा थर दोन्हीकडे थोडा थोडा राहील असा. वर रुंद चिकटपट्टी. शिवलेल्या बांधणीचं पुस्तक असेल तर कुठेही कापू नये, दोन जुड्या जिथे भेटतात तिथेच कापावं, नाहीतर दोरा तुटून पानं गळतात. प्रत्येक शहराच्या गठ्ठ्याबरोबर नकाशांच्या खुणांचं पान आणि शब्दसूची हवी. ती घरी राहिली की नकाशावरचे ठिपके नुसते ठिपके. ई-बुक शोधायला उत्तम, पण दोन पानांवर पसरलेला नकाशा फोनवर मधोमध तुटतो. त्याचे छापील पानावरून चार तुकड्यांत फोटो काढून ठेवावेत.

उच्चारांचं पान इंग्रजी भाषकासाठी लिहिलेलं असतं, ते सोडून नावं देवनागरीत लिहावीत. जपानी अक्षरमालेचा क्रम आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना असा आपल्या वर्णमालेच्या वळणाने जातो, कारण तो संस्कृत शिकलेल्या बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून आलेला आहे. इंग्रजांना छळणारा ‘त्सु’ मराठी माणसाला ‘चुना’ म्हणताना आपोआप येतो. आसाकुसा म्हणताना मधला उ गिळायचा, ‘आसाक्सा’. तेच ‘देसु’चं ‘देस’. अडतं ते दीर्घ स्वरांवर, कारण बोलताना आपण ह्रस्व-दीर्घ फारसं पाळत नाही. तिथे वृत्तातल्यासारख्या मात्रा मोजाव्या लागतात: तोओक्योओ चार मात्रा, क्योओतो तीन. रोमन अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ असेल तिथे आपल्या वहीत अक्षर दोनदा लिहावं. ‘ओबासान’ म्हणजे काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी, आणि खानावळीतल्या पन्नाशीच्या बाईंना हाक मारताना हा एका मात्रेचा फरक त्यांच्या बरोबर लक्षात येतो.